इरमाबाईचा पदर

तिचं खरं नाव लांबलचक, जिभेला गाठ मारणारं.
पैठणात त्याचं इरमाबाई झालं
दुसऱ्याच दिवशी, चहाच्या गाड्यावर.

साठी ओलांडलेली जर्मन बाई, केस वाळल्या जवसासारखे,
आमच्या खड्डामागात पाय सोडून बसली
अन् तीन तास उठलीच नाही.
"काय करायली ती?" शेवंतामावशीनं विचारलं.
काही नाही. ताणा मोजायली.

तिची आई म्हणे लढाईत पॅराशूटचं कापड विणायची.
लढाई सरली, उरलेल्या कापडात
इरमाबाईचं पहिलं झबलं निघालं.
आभाळातून पडायचं कापड घालून वाढले मी,
असं मोडक्या हिंदीत म्हणाली
अन् तुटलेला धागा थुंकी लावून सांधला,
अगदी आमच्यासारखा.

मोर नको म्हणाली. पोपट नको, कमळ नको.
राखी रेशीम पाहिजे, चार तऱ्हेचं,
एकातून दुसरं कधी सुरू झालं ते कळू नये असं.
रंगारी हसला, हिला काय सुतकाचं लुगडं विणायचंय?

मे महिन्यात नाथसागर आटला,
तेव्हा तिला माहेर दाखवायला नेलं.
गाळाच्या भेगा, शिंपले, भिंतींच्या रेघा,
गुडघ्याएवढ्याही नाहीत.
हे घर. ही मोरी. इथं जातं.
ती वहीत काढत राहिली.
येताना चपलेचा गाळ रुमालात बांधून आणला,
रंगाऱ्यासमोर ठेवला. हा रंग.

दिवसाला बोटभर सरकायचा पदर.
राखेत राख, राखेत राख,
अन् एका सकाळी एकच लाल तिल्ली.
चूल.
मी म्हटलं, बाई, चुकलं. आमची चूल उगवतीला होती.
उगवतीला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना,
तर हात धरून दाराबाहेर नेलं, सूर्य दाखवला.

आठ दिवसांचं काम तिनं उसवलं.
सुईनं. एकेक तार.
जेवायलाही उठली नाही.

आता तो पदर त्यांच्या मुलखात, काचेआड.
फोटो आलाय. समोर कोटातली माणसं,
खाली तिचं नाव, अख्खं.
काठाजवळ चार सांधे माझ्या हातचे आहेत.
दिसत नाहीत. दिसले तर सांधा कसला.

यंदा मे आला तरी धरण भरलेलंच.
भाची विचारायली, आत्या, आपलं गाव कुठं होतं गं?
मी फोटो काढला.
पैठणीला उलट-सुलट नसतं, मीच शिकवलं होतं तिला,
घटकाभर मलाच कळेना कुठून धरावा.
मग लाल ठिपका सापडला.
तो उगवतीकडं केला
अन् म्हटलं, बस इथं.