रिझर्व्ह

मिंगेलनं राजदूतचं पोट रिकामं केलं.
पिस्टन, कार्ब्युरेटर, साखळीखालचं काळं लोणी
सगळं खोबरेलच्या एका डब्यात.
उरल्या जागेत बॅटरी बसवली,
बाजूनं जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबून.
टाकी तेवढी राहू दे, म्हटलं.
पिवळी आहे. पायलटचा नंबर आहे तिच्यावर.

अजून पाय किक शोधतो,
नडगीवरचा वण सकाळी उगाच सावध होतो
आणि चढावर हात जातो टाकीखाली,
रिझर्व्ह फिरवायला.

डिचोलीच्या बाजारातून पहिलं भाडं इनासिन मावशीचं.
पाटी, आदोळी, ओलं फडकं.
वीस वर्षं ती मागं बसून बोलत आली
आणि मी फटफटीच्या गदारोळात
हूं, म्हणत आलो.
हूं, बांगडा महागला असेल.
हूं, पोरग्याचं पत्र नसेल आलं.

आज मयेच्या तळ्याजवळ
गाडीला आवाजच नाही, तर ऐकू आलं:
सायबिणी माये, हे वळण.
सायबिणी, तो ट्रक.
सायबिणी, ह्याचे डोळे रस्त्यावर ठेव गे.

वीस वर्षं.

आरशात बघायचा धीर झाला नाही.
मूठ थोडी सैल सोडली.
"बंद पडली काय रे?" तिनं विचारलं.
हूं, म्हटलं सवयीनं.