मुरूम लागेपर्यंत

मेकोसाबागेत चर्चच्या मागे एक खोली आहे.
पूर्वी तिथं घडीच्या खुर्च्या रचून ठेवायचे.
आता दोनच आहेत, समोरासमोर नाहीत,
जरा तिरप्या, म्हणजे बोलणाऱ्याला
भिंतीकडे बघता येतं.

मे महिना. कूलरमधला वाळा जुना झालाय,
चिखलाचा वास येतो.
नथानिएल दुपारे, अजनी शेडचा लोको पायलट,
टोपी गुडघ्यावर ठेवून बसलाय,
आणि पुलाखालून मालगाडीनं हॉर्न दिला
की त्याचा डावा हात
हवेत काहीतरी ओढायला जातो.

"बाई, शास्त्रात याच्यावर काही आहे काय जी?
बोरखेडीच्या पुढं, पहाटे पावणेपाचला,
तो रुळावर होता. उभा नाही. बसून.
ब्रेक मारल्यावर थांबायला सातशे मीटर लागले.
सातशे मीटर मी त्याच्याकडे बघत होतो."

पूर्वीची मी असते तर लगेच पान उघडलं असतं.
एकोणतीस वर्षं वॉर्डात नर्स होते,
वचनंही गोळ्यांसारखी वाटायचे:
हे सकाळी, हे झोपताना, पाण्याबरोबर.
ललिता सरोदेला, बाळ गेलं त्याच आठवड्यात,
सगळं शेवटी भल्यासाठीच असतं, असं सांगून बसले.
तिनं मान हलवली.
पुन्हा आली नाही.
सदरच्या बाजारात दिसते कधी,
मला बघून भेंड्या निवडायला लागते.

माझे वडील गवंडी.
जरीपटक्यातली कितीतरी घरं त्यांच्या हातची.
म्हणायचे, इथली काळी माती फसवी, पोरी.
पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी फाटते.
मुरूम लागेपर्यंत खणायचं. मग दगड भरायचा.
पाया दाखवायचा नसतो.
आणि त्यातला दगड उपसून
घरात राहणाऱ्याच्या डोक्यात तर
मुळीच घालायचा नसतो.

हे कळायला मला ललिता गमवावी लागली.

म्हणून गप्प बसते.
तेही शास्त्रातलंच आहे. राखेत बसलेल्या माणसाजवळ
मित्र सात दिवस नुसते बसले होते,
तेवढंच त्यांचं बरोबर होतं.
तोंड उघडलं आणि बिघडलं.
आणि तो संदेष्टा, झुडपाखाली मरण मागणारा,
त्याला देवदूतानं उपदेश केला नाही.
भाकर दिली. झोपू दिलं.
उठवून पुन्हा भाकर दिली.
मी माठातलं पाणी ठेवते, कालची नानकटाई ठेवते.
तो पाणी पितो. नानकटाई खिशात टाकतो, पोरीसाठी.

तिसऱ्या मंगळवारी म्हणाला,
"रविवारी सगळे म्हणतात, आनंद करा.
माझ्या तोंडून निघतच नाही जी.
मी बाहेरचा झालो काय?"

तेव्हा उघडलं.
अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. ते शेवटी वळत नाही.
बाकीची रडतात, पण बहुतेक
जाता जाता डोळे पुसून जातात.
हे अंधारात नेतं
आणि तिथंच ठेवून संपतं.

त्यानं पान उलटून बघितलं,
पुढं काही राहिलंय का म्हणून.
"इतकंच?"
इतकंच.
"आणि हे यात ठेवलंय? काढलं नाही कोणी?"
नाही काढलं.
मग त्यानं पानावर पंजा ठेवला,
इंजिन गार झालं का बघावं तसा.

मेडिकल चौकातल्या डॉक्टरांची चिठ्ठी
मी त्याच पानात खूण म्हणून घातली.
गोळ्या चुकवू नका, म्हटलं.
हीसुद्धा भाकरच समजा.

जाता जाता, दाराशी, तो शर्टाबद्दल बोलला.
पिवळा, चौकटीचा, बाह्या नीट दुमडलेल्या.
"एवढ्या नीट कशाला दुमडल्या असतील, बाई?"

मला माहीत नाही.
कुठं लिहिलंय तेही माहीत नाही.

पुलाखालून गाडी आली. हॉर्न.
त्याचा हात उचलला गेला,
आणि नकळत माझाही.
आम्ही उभ्याउभ्या डबे मोजले.
मी म्हटलं, अठ्ठावन्न.
"एकोणसाठ," तो म्हणाला,
"गार्डाचा धरला नाही तुम्ही."