मामलेदार कचेरीसमोर, डिचोली

टंकलेखनाचे दर पाटीवर अजून तेच.
लोक आता अर्ज मोबाईलमध्येच लिहून आणतात:
"नुसती प्रिंट काढ रे, उल्हास."

केंकरे मास्तर सांगत फिरतात,
यंत्राने लिहिलेलं आपण वाचतसुद्धा नाही.
त्यांचं निरोपाचं भाषण मीच छापलं;
वर राहून गेलं होतं, "नक्कीच! हे घ्या भाषण."
ती ओळ मी गुपचूप काढली.

गेल्या महिन्यात पियेदाद बाय आली,
भाच्याने करून दिलेला अर्ज घेऊन.
मराठी कशी, इस्त्री केलेली.
फक्त तिला भाडेकरू केलं होतं.
चार पिढ्या त्या भाटात,
आणि एका शब्दात घर दुसऱ्याचं.
मी खोडलं, "मुंडकार" घातलं.
प्रिंटचे पाच रुपये घेतले.
शब्दाचा दर पाटीवर नाही.

त्याच रात्री दार लावून
मीही त्यालाच विचारलं:
मुलगी सहा महिने बोलत नाही, काय लिहू?
त्याने लिहिलं. चांगलं लिहिलं,
माझ्याहून चांगलं, हे कबूल.
घडी करून खणात ठेवलंय.
त्यातही एक शब्द चुकलाय कुठेतरी.
रोज काढून वाचतो.
सापडत नाही.