सात नंबरचे हातमोजे

मी स्टोअरकीपर. माझं काम मोजणं.
तांब्याच्या नळ्या, फ्लेअर नट, गॅसचे सिलिंडर.

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्याला लागून
आमचं शटर. पाटी अरबीत, इंग्रजीत,
आणि रंग उरला म्हणून खाली मराठीत:
माखजनकर रेफ्रिजरेशन.
लोक विचारत, माखजनकर साहेब आहेत का?
नफीसाबाई युनिटमागून डोकं काढत,
म्हणत, साहेब रत्नागिरीला वारले. बोला.

साहेब म्हणजे त्यांचे अब्बा,
मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात फिटर.
अमोनिया कुठून गळतो ते नाकाने सांगायचे.
शिकवत होते मुलाला. तो सुटला बँकेत.
शिकली डबा घेऊन आलेली पोरगी.

इथे मस्कतला बारा वर्षं नवऱ्याचा डबा.
मग एक ऑगस्ट. अल खुवैरमधलं घर,
आत आजी, सून, अकरा दिवसांचं बाळ,
एसी बंद, पुरुष माणूस सलालाला.
मेकॅनिक फाटकापर्यंत आला, फाटकावरूनच परत गेला.
आत बायका एकट्या. दार उघडायचं कसं?
शेजारून नफीसाबाई गेल्या, नवऱ्याची पेटी घेऊन.
कपॅसिटर उडाला होता. दहा मिनिटांचं काम.
आजीने खजूर दिले, मनगटाला अत्तर लावलं,
आणि नऊ घरांचे नंबर.

पुढे चेंबरच्या सभेत बोलावणं. शाल, फोटो.
महिलांनी या कामात यावं म्हणून काय हवं?
बाई म्हणाल्या, साइटवर कडी असलेला संडास.
आणि सात नंबरचे हातमोजे.
सभा हसली.
त्या थांबल्या, हसू संपेपर्यंत,
मग डावा तळवा माइकसमोर धरला:
दहा नंबरच्या मोज्यात बोटाचं टोक रिकामं राहतं.
ते पंख्यात अडकलं. हे बघा.
मग कोणी हसलं नाही.
कोणी लिहूनही घेतलं नाही.

कंपनी म्हणाली, कमीत कमी पाचशे जोड.
मी म्हटलं, बाई, आपल्याकडे बाया तीन.
तुम्ही, लिसम्मा, झुवैना. उरलेल्या चारशे सत्त्याण्णव?
म्हणाल्या, खालच्या फळीवर ठेव. हाताला येतील अशा.
मी कपाळावर हात मारला. माझा, दहा नंबरचा.

दर मार्चला मोजतो.
चारशे नव्वद. चारशे बावन्न.
दोन साइटवर कडी बसली. तिसरीवर आम्हीच बसवली,
बिल पाठवलं, अजून येतंय.
तीनशे सहा. मधे कोणी लग्न होऊन गेली,
मोजे धुऊन, घडी घालून परत दिले.
ते वेगळ्या खोक्यात ठेवलेत. का, ते मला विचारू नका.

आज बरकाहून एक पोरगी आली, आईबरोबर.
आई अवघडून दारात. पोरीने काउंटरवर हात ठेवले.
मी जोड काढला. तिने घातला, मूठ वळली.
टोकाशी अर्धं पेर रिकामं.

आत बाई ब्रेझिंग करत होत्या.
ज्योत कमी न करता, न वळता म्हणाल्या,
सहा नंबरचे मिळतात का बघ.