भाड्याची वाक्यं

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे जेवायला अर्धा तास.
पांग्योत काचेच्या एका इमारतीभोवती
ताशी दहाच्या वेगानं फिरायचं, हॉर्न वाजवायचा नाही.
बोलायचं काम बोर्डाचं.

मी मा बोंग-सिक, वय एकसष्ट.
गेम खेळत नाही. पत्ते खेळतो, तेही सणाला,
आणि हरलो की भावजयीला दोष देतो.
माझ्या ट्रकला तीन बाजूंनी दिवे आहेत,
चौथ्या बाजूला मी.

पैसे बाराशे जणांनी जमवले म्हणे,
कुणी पाच हजार वॉन, कुणी एका जेवणाचे.
हिशेब छोंगजूच्या एका नर्सकडे,
पै न पै, रात्रपाळी सांभाळून.
फोनवर ती मला काका म्हणते
आणि वाक्यांचा क्रम बदलत राहते.

पहिलं वाक्य आकड्याचं:
शून्य पूर्णांक शून्य तीन टक्के.
तलवार एक पायरी वर चढण्याची शक्यता.
नाही चढली तर मोडते.
मोडू नये म्हणून ताईत. ताईत दुकानात.
दुकान त्यांचंच.
मी म्हटलं, पोरी, आमच्या गावात ह्याला जुगार म्हणायचे.
ती म्हणाली, जुगारात निदान समोरचा दिसतो, काका.

दुसरं पंखांचं.
नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विकत मिळतात.
तिला सहा वर्षं लागली होती
पायवाटा पाठ व्हायला.

बाराशेंतला एकजण मात्र लिहून पाठवतो:
मला पंख आवडतात.
मी कारखान्यातून रात्री अकराला सुटतो.
चालायला वेळ नाही, थोडे पैसे आहेत.
हेही बोर्डावर घ्या.
त्यावरून त्यांच्यात दोन दिवस भांडण.
शेवटी घेतलं, बारीक अक्षरात.

तिसरं तळ्याचं.
उत्तरेला डोंगराआड होतं म्हणे.
गळाला मासे लागायचे, त्यांना भाव नव्हता.
लोक नुसते बसायचे.
कंपनीच्या लक्षात आलं, इथे कुणी काही घेत नाही.
मंगळवारी, दुरुस्तीच्या चार तासांत,
तळं बुजवून वर बाजार बसवला.
बोर्डावर एवढंच: आमचं तळं द्या.
मी म्हटलं, हे मागणीसारखं वाटत नाही,
लहान मूल रडल्यासारखं वाटतं.
ती म्हणाली, राहू दे तसंच.

दुपारी उणे नऊ. बोर्ड गारठला, काळा पडला.
बंद करून चालू केला तर
मागचं काम वर आलं.
महिन्यापूर्वी ह्याच कंपनीनं ह्याच ट्रकवरून
गंगनममध्ये पंख विकले होते.
मीच फिरवले होते. दर तोच.
अकरा सेकंद
सोनेरी पंख फडफडले माझ्या पाठीवर,
त्यांच्याच दाराशी.
फोन वाजला. शिव्या ऐकायची तयारी ठेवली.
ती हसत होती. इतकी, की गाडी कडेला घ्यावी लागली मला.

चारच्या सुमारास एक पोरगा खाली आला,
गळ्यात ओळखपत्र, एवढ्या थंडीत पायात सपाता.
खिडकीतून कॉफीचा गरम डबा दिला.
बोर्डाकडे न बघता म्हणाला,
ते तळं मी काढलं होतं.
चितारलं, की काढून टाकलं?
दोन्ही, म्हणाला,
आणि कार्ड टेकवून आत गेला.

सिग्नलला थांबलो की समोरच्या काचेत
माझा ट्रक उभा राहतो.
मी दिवसभर काय बोलतोय
ते मला तिथेच दिसतं, उलट्या अक्षरांत.

सहाला तिचा निरोप: काका, बंद करा, पैसे संपले.
मी आकडा विझवला. पंख विझवले,
बारीक अक्षरं आधीच दिसेनाशी झाली होती.
तळं ठेवलं, हायवे लागेपर्यंत.
कुणी विचारलं तर सांगेन, विसरलो.