राऊचं गाजर

प्लॉट घेताना दलाल म्हणाला होता,
माती काळी आहे, सोनं पिकेल.
दगडांचं काही बोलला नव्हता.

पावसात ही माती चपलेला चिकटून घरात येते,
उन्हाळ्यात तडकते, अख्खी खुरपी गिळते.
मंगळवारी दोन घमेली गोटे काढले,
गुरुवारी तेवढेच पुन्हा वर.
रामकन्याबाई कुंपणावरून हसतात:
"भाभी, यहाँ तो भाटे ही उगते हैं."

माघात गाजर उपटलं.
वीतभरही नाही,
दोन पाय एका गोट्याभोवती दुमडलेले,
बसमध्ये परक्याचं मूल
मांडीवर घ्यावं तसं.

ओढून पाहिलं. सुटेना.
सुरी हातात घेतली, ठेवून दिली.

ओट्यावर आहे अजून,
मातीसकट.
ह्यांना म्हटलं, हलव्यासाठी मंडीतून आणा
अर्धा किलो.
सरळ बघून.