उजवा कान

तो मुलगा आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते.
खारकर आळीतला आमचा जिना चढून त्यालाच धाप लागलेली.
म्हणाला, काकू, रेकॉर्ड करू ना?
मासुंद्याच्या काठी डॉमनिक रुमावची पाटी लागणार आहे,
मजकूर माझ्याकडे आलाय.
लोकांना ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा.

ठाऊक असलेलं त्याला पाठच होतं:
सोनेरी बूट, चरईतली ती रात्र,
शेवटच्या गाण्यानंतर गिटार गरगर फिरवून
तलावात भिरकावली, ती गोष्ट.

मी म्हटलं, गिटार त्याची नव्हती.
कोपरीच्या ग्लॅडविन कुटिन्होची, उसनी आणलेली.
पहाटे चेंदणीच्या एका कोळ्याला पाच रुपये देऊन
त्यानं बुडी मारायला लावली.
मग आठवडाभर ती आमच्या गच्चीवर वाळत होती,
पोह्याच्या पापडांशेजारी.
पोटातून एक मासा निघाला, बोटाएवढा.
शेजारचं मांजर त्यानंतर कितीतरी दिवस
गिटार दिसली की अंग घासायला यायचं.

आणि बूट काळे होते. कारखान्याचे, लोखंडी टोकाचे.
खंडेनवमीला यंत्रांना फासतात ना, तो सोनेरी रंग
वागळे इस्टेटीतल्या आमच्या स्टोअरमधून
अर्धा डबा गायब झाला होता.
स्टोअरची नोंदवही मीच टाइप करायचे.
'सांडला', असं मी टाइप केलं.

इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.
शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी.
रेडिओला कान लावून मी गाणी उतरवायचे,
गेटपासच्या पाठकोऱ्या कागदांवर, देवनागरीत.
जेवणाच्या सुट्टीत तो ती घेऊन बसे,
बोटाला वंगण, कागदाला वंगण.
'बेबी'तली ही वेलांटी दीर्घ का? त्यानं विचारलं.
शुद्धलेखनाचा नियम, मी म्हटलं.
मग तो ती दीर्घ म्हणजे दीर्घच म्हणायचा,
आठ मात्रा, दहा मात्रा,
पुढच्या रांगेतल्या पोरी खुर्चीवर चढेपर्यंत.

मुलगा हसला. हे पाटीवर बसणार नाही, म्हणाला.

ती मान?
त्याच्या त्या वाकड्या मानेपायी
अख्ख्या गोखले रोडवर पोरं माना कलती करून हिंडत.
नौपाड्यातला न्हावी वैतागून ओरडायचा,
सरळ बस रे, कान कापला जाईल.
ऐटबीट काही नव्हती, बाळा.
पॉवर प्रेसवर सात वर्षं. उजवा कान गेलेला.
ड्रमवाला हिलरी डावीकडे बसे,
त्याचा ठेका चुकू नये म्हणून डावा कान तिकडे.
डॉक्टर म्हणाले होते, उजव्यानं थोडंफार येत असेल,
आवाज येईल, शब्द नाही.
हे घरात कुणाला माहीत नव्हतं. बँडमध्येही नाही.
मला माहीत होतं, कारण मी नेहमी डावीकडून चालायचे.

एकदा सोडून.

दुसरी पाळी सुटलेली, तीन हात नाक्याला आम्ही दोघंच.
मी मुद्दाम त्याच्या उजवीकडे गेले
आणि एक वाक्य बोलले.
साधंच. मराठीत.
वेलांट्यांसकट घरून ठरवून आलेलं.
तो रस्त्याकडे बघत होता.
मग अख्खा चेहरा वळवून म्हणाला, काय?
म्हटलं, शेवटची बस गेली वाटतं.
मग चालू या की, म्हणाला.
आणि चालताना शीळ घालत राहिला, घर येईपर्यंत,
कुठल्या गाण्याची ते मला ओळखता आलं नाही,
आणि मला तर सगळी यायची.

काय म्हणालात त्याला? मुलानं विचारलं.
फोनवरचा लाल ठिपका लुकलुकत होता.
मी सालं गोळा केली, पदराला हात पुसले.
म्हटलं, आडनाव नीट लिहा.
रुमाव. शेवटी नुसता व.
रुमाओ लिहिलंत तर येऊन खोडीन.